काजळ्याचा राग

एक होता राजा. नाव सांगत नाही. असल्या राजांची नावं लक्षात ठेवून करायचंय काय? त्याला नाद एकच, साठमारीचा. साठमारी म्हणजे, हत्तीला मैदानात सोडायचं, भाले टोचून टोचून पिसाळवायचं, आणि तो धावून आला की माणसांनी बुरुजाच्या अरुंद दारात शिरून लपायचं. वर बसून राजा हसायचा. खाली लोक टाळ्या पिटायचे.

त्या हत्तीचं नाव काजळ्या. त्याला सांभाळायचे आबा माहूत आणि त्यांची नात सोनकी. काजळ्या पायाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, बरं का. पण सोनकी गूळ घेऊन समोर आली की मान खाली घालायचा. मग आबा मागून हळूच साखळदंड अडकवायचे.

एकदा काय झालं, राजा म्हणाला, "हत्ती म्हातारा झाला. या दसऱ्याला तो कोसळेपर्यंत खेळ चालू द्या."

सोनकी धावत आबांकडे गेली.

"आबा, तो मरेल!"

"आपण काय करणार, बाई? राजाचं मीठ खाल्लंय."

"मी नाही खाल्लं. मी काजळ्याच्या वाटचा गूळ खाल्लाय."

"जीभ फार चालते तुझी! वाडवडिलांपासूनची रीत आहे ही. भाला लागूनही जो हत्ती उलटत नाही, तो अपशकुनी. तेवढ्यालाच वेशीबाहेर हाकलतात. पण असला हत्ती माझ्या आज्यानंही पाहिला नाही."

आता बघा, सुटकेची वाट आबांच्याच तोंडात होती. पण त्यांना ती जन्मात दिसली नाही. मोठ्यांचं हे असंच असतं.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला सोनकी हत्तीखान्यात गेली. काजळ्याच्या सोंडेला बिलगून म्हणाली, "तुझा राग मला दे. सगळा. उद्या तुझ्यापाशी कणभरही उरायला नको."

आणि काय नवल! काजळ्या बोलला. "जड आहे गं. पेलवेल?"

"दे तू."

मग त्यानं तिच्या ओंजळीत सोंड ठेवली. पहिला राग पडला. निखाऱ्यासारखा लाल.

"हा मला खड्ड्यात पाडून धरणाऱ्यांवरचा."

सोनकीनं तो गिळला. घसा भाजला. मग दुसरा पडला.

"हा राजावरचा, आणि टाळ्या पिटणाऱ्यांवरचा."

तोही गिळला. छातीत धग उठली. मग काजळ्यानं सोंड मागे घेतली.

"अजून आहे?"

"आहे. पण तो नको मागूस."

"दे म्हणते ना!"

तिसरा राग पडला. सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांत जड.

"हा तुझ्यावरचा, सोनके. तू गूळ आणायचीस. गुळापाठोपाठ साखळदंड यायचा."

सोनकीला रडू फुटलं. पण तिनं तोही गिळला.

मग दसरा उजाडला. पहिला भाला टोचला. काजळ्या उभा. दुसरा टोचला, रक्त आलं. काजळ्या उभा. तिसरा टोचला. माशी हाकलावी तसे त्यानं कान हलवले, बस्स. म्हातारे कुजबुजले, "अपशकुन! अपशकुन!" राजाचं तोंड उतरलं. "हाकला याला," तो म्हणाला.

वेशीपाशी साखळदंड निघाला. काजळ्या रानाकडे चालू लागला. सोनकीला वाटलं, एकदा तरी वळून बघेल. नाही बघितलं.

"वळला असता तर त्याचा पाय निघाला नसता गं," आबा म्हणाले.

"उगाच समजूत घालू नका," सोनकी म्हणाली.

पुढच्या वर्षी राजानं हत्तीचं पिल्लू धरून आणलं. मोठी माणसं सगळी चिडीचूप. मग सोनकी मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि एकदाच ओरडली. हत्तीचा राग तो! बुरुज ढासळले, भालेकरी पळाले, राजाची पगडी धुळीत गेली. साठमारी संपली ती संपलीच.

दोन राग त्या ओरडण्यात सरले. तिसरा मात्र सरला नाही. तो सोनकीनं म्हातारी होईपर्यंत पोटात वागवला.

पिल्लू आईकडे गेलं. काजळ्या रानात सुखानं राहिला, लोकही राहिले. सोनकी? तीही राहिली. रडू येत असेल तर या कुशीवर वळून रडा. आणि मग झोपा.