दारात थांबलेली नी

फार पूर्वी एका राजनगरीत एक गाण्याच्या बाई राहत होत्या. त्या नगरीचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण बाईंच्या अंगणात केवढा गोंगाट चालायचा ते मात्र सगळे सांगतात. बाईंकडे येणारी पोरं अगदी चिमुरडी. कुणाचे दुधाचे दात पडायचे होते, तर कुणाचं नाक अजून बाईंनाच पुसावं लागे. अशांना रांगेत बसवून ‘हा सा, हा रे’ घोकून घेणं म्हणजे मांजराच्या पिलांना पंगतीत बसवण्यासारखं, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

म्हणून त्यांनी एक गोष्ट रचली. एक होता डोंगर आणि त्या डोंगरात एका आईचं घर. आईचं नाव सा. घराला दारं दोन, एक पायथ्याशी आणि एक माथ्यावर. तिची मुलं खालच्या दारातून निघायची, डोंगर चढायची आणि वरच्या दारातून पुन्हा आईकडे जायची. रे लाजाळू, मधूनच मान खाली घालायचा. ग बडबड्या. म उचापती, चवड्यांवर उभा राहून पलीकडे डोकावायचा. अर्ध्या वाटेवर प मामा बसलेला, तो आईसारखाच जागचा हलायचा नाही. ध दमलेला. आणि सगळ्यांत वर नी, सर्वांत धाकटी, माथ्यावरच्या दाराशी पोचलेली.

बाईंच्या अंगणात दगडी पायऱ्या होत्या. पोरं त्यांच्यावर ही गोष्ट खेळत. जो ज्या पायरीवर, त्यानं तोच सूर लावायचा. सूर जरा उतरला की बाकीची लगेच सांगत, “तू घसरलास.” मग तो सावरून पुन्हा लावी. यात रडारड नव्हती आणि मारही नव्हता, त्यामुळे पोरं सुट्टीच्या दिवशीही येऊन बसत.

एकदा राजाचे दिवाणजी त्या वाटेनं जाताना थांबले. पाठशाळा राजवाड्याच्या आश्रयाखाली चाललेली, आणि आत पाहतात तर एक पोर रांगतंय, एक चवड्यांवर नाचतंय आणि बाई स्वतः डोंगर झाल्यात. दिवाणजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी राजाला जाऊन सांगितलं, हे शिक्षण नव्हे, हा पोरखेळ आहे. मुलांना दरबारी गवयांकडे द्यावं, तिथे निदान छडी तरी आहे. राजानं ठरवलं की दसऱ्याच्या दरबारात मुलांचं गाणं ऐकायचं. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर मुलं गवयांकडे जातील.

ही बातमी बाईंच्या कानावर आली. छडीखाली शिकलेली मुलं त्यांनी पाहिली होती. ती गात बिनचूक, पण घरी जाताना एकही सूर गुणगुणत नसत. आपली पोरं तशी मुकी होतील, या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

दरबाराच्या दिवशी सकाळी तर त्यांचा धीरच सुटला. त्यांनी मुलांना सरळ उभं केलं आणि बजावलं, आज गोष्ट नाही, खेळ नाही, नुसतं गायचं. मुलं गायली. सूर जागच्या जागी होते, पण गाणं शिळ्या भाकरीसारखं कोरडं झालं. नेहमी नी होणारी मुलगी सगळ्यांत लहान. तिनं बाईंचा पदर ओढून विचारलं, “बाई, आज आई घरी नाही का?”

बाईंना आपलीच लाज वाटली. लोकांना भिऊन आपण पोरांची आईच काढून घेतली, असं त्यांना झालं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आहे गं. चला, तिच्याकडेच जायचंय.”

दरबार गच्च भरला होता. दिवाणजींनी आधीच सुनावलं की शिस्त कितपत आहे ते पाहायचंय. त्यांनी हात वर केला की सगळ्यांनी जिथे असतील तिथे गप्प व्हायचं. मुलं सिंहासनाच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि डोंगर चढू लागली. रे लाजला, म डोकावला, मामा ठाम बसला. सरदारांच्या ओठांवर हसू आलं. मुलं नीपर्यंत पोचली आणि दिवाणजींचा हात वर गेला.

सगळी थांबली. धाकटी मात्र थांबली नाही. तिनं हात पसरून वरचा सा लावला.

“बघा महाराज,” दिवाणजी म्हणाले, “हीच का ती शिस्त?”

राजानं तिला जवळ बोलावून विचारलं, “तुला थांबायला सांगितलं होतं ना?”

“मी थांबणार होते,” ती म्हणाली, “पण आई दार उघडून उभी होती.”

दरबार हसला. दिवाणजींनी बाईंकडे पाहिलं. आता बाई पोरीला रागावतील आणि माफी मागतील, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यानं वेळ निभावूनही गेली असती. पण बाई ताठ उभ्या राहिल्या.

“महाराज, मी तिला रागावणार नाही,” त्या म्हणाल्या. “तिला जे ऐकू आलं ते खरं आहे. मुलं पुन्हा गातील आणि नीवर थांबतील. आपण सांगाल तेव्हाच पुढे जातील. मग हा पोरखेळ आहे की गाणं, ते आपणच ठरवा.”

मुलं पुन्हा चढली आणि नीवर येऊन थांबली. धाकटीनं तर स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. राजा मुद्दाम काही बोलेना. दरबारात चुळबुळ सुरू झाली. कुणी खाकरलं, कुणी पागोटं सारखं केलं. जो तो कशाची तरी वाट पाहत होता आणि कशाची ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात बारीक आवाजात सूर आला, “सा…”

सगळ्यांच्या माना वळल्या. सूर दिवाणजींनी लावला होता.

“दिवाणजी,” राजा म्हणाला, “मी अजून सांगितलं नव्हतं.”

दिवाणजी ओशाळले. “माफी असावी महाराज. पण लहान पोर आहे ते, किती वेळ बाहेर ठेवायचं?”

राजाला हसू आवरेना. पाठशाळा बाईंकडेच राहिली आणि मुलंही. शिवाय पुढे पोरांनी आपल्या खेळात एक नवा माणूस घेतला. माथ्यावरच्या दाराशी हात वर करून उभा राहणारा पहारेकरी. ते काम पुष्कळदा दिवाणजी स्वतः येऊन करत, पण त्यांचा हात फार वेळ वर राहत नसे.

तात्पर्य: धाकानं शिकवलेलं धाक असेपर्यंतच टिकतं; खेळता खेळता जिवाला लागलेली विद्या अडवली तरी आपली वाट पुरी करते.