बिघडवायची भिंत

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी विसरू नये, अशी.

एका राज्यात राणी राज्य करायची. तिची एकुलती एक लेक लहानपणीच तापाने गेली. मागे उरलं होतं फक्त एक चित्र, देवळाच्या सभामंडपातल्या भिंतीवर. हातात पेरू धरून हसणारी मुलगी. राणी रोज सकाळी येऊन ते बघायची, मगच दरबारात जायची.

भिंत जुनी होती. अधूनमधून तिचा गिलावा आतून सुटायचा, फुगायचा. मग म्हातारा चितारी पिसाच्या नळीने फुगवट्यामागे चुन्याचं पाणी सोडायचा आणि तळहाताने हळूहळू दाबत तो परत बसवायचा.

त्याच्या हाताखाली शिकायला चार जण ठेवले होते. पण राणीची सक्त ताकीद होती, "बघा, ऐका, पाठ करा. भिंतीला मात्र हात लावायचा नाही."

एकदा चितारी म्हणाला, "राणीसाहेब, शेजारी एक साधी भिंत बांधून द्या. तिच्यावर गिलावा करू, चित्रं काढू, ती फुगू देऊ. पोरं तिथं शिकतील."

"म्हणजे बिघडवायला भिंत बांधायची?" राणी हसली. "उद्या म्हणाल, वैद्याच्या शिष्यांसाठी माणसं आजारी पाडा."

"माणसं आपली आपणच पडतात आजारी," चितारी म्हणाला. "ही भिंतही आपली आपण फुगणारच, तेव्हा शिकलेला हात लागेल. शिकताना चुका व्हायच्याच. त्या तिकडं होऊ देत, एवढंच म्हणतो."

"पुढच्या वर्षी बघू," राणी म्हणाली. अशी कितीतरी पुढची वर्षं आली आणि गेली. चिताऱ्याचे हात कापायला लागले.

मग एका वर्षी पाऊस हटेचना. भिंतीत ओल उतरली आणि नेमका त्या हसऱ्या चेहऱ्याखालचा गिलावा फुगला.

चिताऱ्याला नळीही धरवेना. थोरली शिष्या पुढे झाली. तिला सगळं तोंडपाठ होतं. तिने नळी लावली, पाणी सोडलं, तळहात टेकवला.

"हळू," मागून चितारी म्हणाला. "अजून हळू. आता थांब."

हळू म्हणजे किती, ते तिच्या हाताला कुठे ठाऊक होतं? तळहाताखाली काहीतरी खचलं. तिने हात काढला, तेव्हा तो रंगाच्या भुकटीने माखला होता. भिंतीवर पेरू होता, पेरू धरलेला हात होता. चेहरा नव्हता.

राणीने पुढे येऊन त्या मोकळ्या जागेवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "इतकी वर्षं शिकलीस ना गं?"

"शिकले, राणीसाहेब," शिष्या खाली बघत म्हणाली. "पण हात आज पहिल्यांदाच लावला."

पुढच्याच महिन्यात राणीने शेजारी भिंत बांधून घेतली. पण ती वाळायच्या आत चितारी गेला. शिष्य आपापल्या परीने तिच्यावर हात बसवत राहिले. राणी मात्र सभामंडपात पुन्हा कधी आली नाही.

तात्पर्य : ज्या हातांना आपण चुकायला जागा दिली नाही, ते हात ऐन वेळी आपलं काही वाचवू शकत नाहीत.