बारशातलं इंग्रजी

“मग मुलीला हाक कशी मारतोस?” निरंजनबुवांनी विचारलं.

“अजून मारत नाही,” हेरंब म्हणाला. “नाव नक्की झालं की मारीन.”

मुलीला मांडीवर घेऊन पलीकडे बसलेल्या शाल्मलीने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मठात येण्याआधी बुवा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. हेरंब त्यांचा लाडका विद्यार्थी. आता कॉलेजात प्राध्यापक. वापरातून गेलेले आणि कानाला सारखेच वाटणारे इंग्रजी शब्द गोळा करायचा त्याला नाद. नाद कसला, वेडच ते!

बारशाला नाव ठरलं होतं बेला. आत्या पाळण्याशी वाकली आणि या शहाण्याने भरल्या घरात बहिणीचा हात धरला. पाहुणे घुगऱ्या खाऊन गेले, मूल बिननावाचं राहिलं. शाल्मली तिला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. आज बुवांचा निरोप आला म्हणून तेवढी मठात आली होती.

“बेलात काय वाईट?”

“इंग्रजीत एक बेल म्हणजे गासडी. दुसरी म्हणजे जामीन. इथवर ठीक. पण बुवा, जुन्या इंग्रजीत बेल म्हणजे अरिष्ट!”

“वेणू?”

“वेन म्हणजे कातडीवरची गाठ.”

“रेवा?”

“रीव्ह म्हणजे लुटणं.”

“माझी आई नुसतं ‘राणी गं माझी’ म्हणाली,” शाल्मली म्हणाली, “तर तिलाही गप्प केलं.”

“क्वीन दोन आहेत,” हेरंब घाईने म्हणाला. “एक राणी. दुसरी, जुनी... ती आईंसमोर सांगण्यासारखी नाही.”

“तरी सांगितलीत.”

बुवा मिशीत हसले.

“हसू नका बुवा. मुलीचं नाव ठेवायचं राहिलं आणि यांनी सगळ्या नावांना नावं ठेवली. आज ठरलं तर ठरलं. नाही तर मी एकटी ठेवीन आणि एकटीच वाढवीन.”

हेरंबचा चेहरा उतरला. ही बोलेल तसं करील, हे त्याला ठाऊक होतं.

“शब्दाच्या मुळाशी जावं, हे तुम्हीच शिकवलंत,” तो बुवांना म्हणाला.

“जा म्हणालो होतो. तिथे बिऱ्हाड कर म्हणालो नव्हतो.”

...

“घे तिला,” बुवा म्हणाले.

“मी?”

“नाव तिचं आहे. अर्थ तिला सांग.”

शाल्मलीने मुलीला त्याच्या हातात दिलं. उकळत्या दुधाचं पातेलं धरावं तसं त्याने तिला धरलं. मग वर्गात करतो तसा घसा खाकरला.

“हे बघ... बेल म्हणजे गासडी.”

मुलगी टकमक बघत राहिली.

“बेल म्हणजे जामीन.”

तिने जांभई दिली.

“आणि बेल म्हणजे...” त्याचा आवाज आपोआप खाली आला. “अरिष्ट.”

मुलगी खुदकन हसली.

हेरंबने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“पुन्हा सांग,” बुवा म्हणाले.

“अरिष्ट.”

ती बोळकं उघडून हसली. पाय झाडले, हात पुढे केला आणि त्याचा चष्मा ओढला.

“अरिष्ट! अगं अरिष्ट!”

आता तिचं हसू थांबेचना. त्याच्या कुठल्याच शब्दावर आजवर कुणी इतकं खूश झालं नव्हतं. कॉलेजात तर नाहीच नाही. हेरंबला एकदम भरून आलं. हे हसू इतके महिने दुसऱ्या गावात हसलं जात होतं आणि आपण कपाटातल्या कोशांत तोंड घालून बसलो होतो, याची त्याला लाज वाटली.

“बुवा, हिला यातलं काहीच कळत नाही...”

बुवांनी मुलीकडे बोट केलं.

“...का कळतंय?”



हेरंबने मान वाकवली. मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

“कुर्रर्र...” आणि मग, अडखळत, “बेला.”

शाल्मलीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

हेरंब तसाच वाकलेला होता. चष्मा मुलीच्या मुठीत, डोळे ओले. पण शेवटी प्राध्यापकच तो.

“बुवा, पण त्या जुन्या अर्थाचं काय करायचं?”

बुवांनी त्याच्याकडे बघितलं. मग शाल्मलीकडे वळले.

“सूनबाई, नाव ठेवणाऱ्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बघत काय बसलीस?”