विहिरीतलं तांबं

एका गावात एक भोळा माणूस राहायचा. त्याचं नाव म्हादबा. भोळा म्हणजे किती? बायकोने "दुधावर लक्ष ठेवा" म्हटलं, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा नुसतं लक्ष ठेवायचा.

त्याच्या बायकोचे, अनुसयाचे, हात थरथरू लागले. चहाची बशी ओठांपर्यंत पोहोचेना. दोघं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाई म्हणाल्या, "हिच्या अंगात तांबं साठतंय. आईबापांकडून आलेला आजार आहे."

म्हादबाने मान डोलावली. घरी येताच लग्नात आलेली तांब्याची घागर आणि हंडा बैलगाडीत घातला आणि सासऱ्यांच्या दारात नेऊन उतरवला. "तुमचं तांबं तुम्हाला परत!" सासूने हंबरडाच फोडला. तिला वाटलं, मागून पोरगीही येतेय.

"अहो, ते रक्तातून आलंय," डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. "ही गोळी अंगातलं तांबं ओढून काढते. मग ते लघवीवाटे बाहेर पडतं. गोळी रिकाम्या पोटी द्यायची. पुढे तासभर थांबायचं. एकही दिवस चुकवायची नाही. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद."

दुसऱ्या दिवशी अनुसया मोरीतून बाहेर येते, तर दारात म्हादबा चाळणी घेऊन उभा.

"पडलं का गं तांबं? एखादी वाटी तरी होईल."

"व्हा बाजूला!"

पण गोळ्यांनी गुण आला. काही महिन्यांत अनुसया स्वतः सुईत दोरा ओवू लागली. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला, की तिने गरज नसताना नवऱ्याच्या सदऱ्याला चार टाके घातले.

तेवढ्यात सासऱ्यांनी भांडी परत पाठवली. अनुसया म्हणाली, "नजरेआड करा ती कुठेतरी."

म्हादबाने ती गावच्या विहिरीत टाकली.

"अहो, तेच पाणी मी पिते ना!" अनुसयाने कपाळावर हात मारला. "आत्ताच्या आत्ता तांबं बाहेर काढा!"

तांबं बाहेर काढायचं? म्हादबाचा चेहरा उजळला.

दुपारी जेवणाआधी अनुसया गोळी घ्यायला उठली, तर फडताळातली महिन्याभराची बाटली गायब. ती धावतच विहिरीवर गेली. तिथे बायका रिकाम्या कळश्या घेऊन म्हादबाच्या नावाने बोटं मोडत होत्या. त्याने पंप लावून अख्खी विहीर उपसली होती. तळाशी घागर आणि हंडा लख्ख दिसत होता. भोवती चिखलात गोळ्याच गोळ्या.

"पाणी कशाला उपसलंत?"

"रिकाम्या पोटी द्यायची ना?"

"मग आता खाली उतरा आणि भांडी उचला!"

"छे, छे. औषधाचं काम औषधाला करू दे."

"आणि मी आज काय घेऊ?" अनुसयाला रडूच फुटलं.

म्हादबाने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! तासभर धीर धर. एकदा विहिरीला लघवी झाली, की भांडीही येतील आणि तुझ्या गोळ्याही."