खटाऱ्यातली सोय

तुळजारामची वीस वर्षांची जीप म्हणजे डोंगरातल्या वस्तीची एकुलती एक गाडी. आज ती तपासणीत नापास झाली, तर उद्यापासून आजाऱ्यांनाही दवाखान्यापर्यंत पायपीटच. म्हणून सकाळीच त्याने हेडलाइटचे स्क्रू पिळून उजेड नीट खाली बसवला होता.

गाड्या तपासणाऱ्या फडतरेसाहेबांचं काम मात्र बसल्या जागी चाले. दोन कारकुनांना घेऊन ते तपासायच्या गाडीच्याच मागच्या बाकावर ऐसपैस टेकत, आणि त्यांना उतरा म्हणायची कुणाची छाती नव्हती. समोरच्या भिंतीवर रेघ आखलेली होती; उजेड तिच्या वर जाता कामा नये. तुळजारामने दिवे लावले, तर उजेड रेघेच्या चार बोटं वर!

“नापास!” साहेब गरजले. “समोरच्याचे डोळे दिपवतोस? नव्या गाड्यांत बटण फिरवलं की उजेड खाली येतो. तुझ्या खटाऱ्यात आहे तशी सोय?”

तुळजारामने मागे पाहिलं. तिघांच्या भाराने जीप मागून पार दबली होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

“आहे की साहेब,” तो हात जोडून म्हणाला. “फक्त ती सोय आत्ता मागच्या बाकावर बसलीय. जरा खाली उतरता?”

तिघे उतरले. जीपचं नाक खाली आलं आणि उजेड मुकाट्याने रेघेवर जाऊन बसला.

साहेबांनी पासची सही केली. उभ्यानेच.