खरखर काढलेलं गाणं

“मग बुवा, ही गाणी कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये ठेवू की एमपीथ्रीत?”

वामनबुवा ऐकत होते. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले.

कौस्तुभला हुरूप आला. पुण्याच्या स्टुडिओत त्याच्या कानाचा दबदबा होता, आणि आज तो मिरजेत गुरूंपुढे मिरवायला आला होता.

“एमपीथ्री आटोपशीर, पण ती आवाजातलं बरंच काही गाळून टाकते. फ्लॅक सगळं राखते. कणभरही सोडत नाही.”

“कणभरही नाही...” बुवा पुटपुटले.

अर्धांगवायूनं बुवांचा गाता गळा नेला होता. माई त्याआधीच गेल्या. जन्मभर त्या नवऱ्याच्या मागं तंबोरा घेऊन बसल्या, पण चार माणसांत त्यांचा शब्द कुणी ऐकला नाही. अबोल बाई, असंच सगळे म्हणत. घरातल्या बैठकींच्या बुरशी धरलेल्या कॅसेटा तेवढ्या उरल्या होत्या. त्या बुवांनी मोठ्या विश्वासानं कौस्तुभच्या हाती दिल्या होत्या.

बुवांचा धड हात मांडीवर हलू लागला. एकेक बोट, सावकाश, जणू तारांवरून फिरावं तसं.

मग थांबला.

“तंबोरा कुठाय?”

“असेल की बुवा, मागं...”

“खरखर कशी काढलीस?”

“सोपं असतं. गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा. ही खरखर, म्हणायचं. मग तो सबंध टेपेतून तेवढं...”

कौस्तुभला तो तुकडा आठवला.

गाणं सुरू होण्याआधी बुवा डोळे मिटून बसायचे, आणि माई एकट्याच तंबोरा छेडत राहायच्या. नेमक्या त्या तुकड्याला त्यानं खरखर म्हटलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल दुसऱ्याचा गेला.

“कॅसेटा आण परत.”

“कुजल्या होत्या, बुवा... टाकून दिल्या.”

“खरखर काढायच्या आधीची नक्कल?”

“होती. पुसली. फार जागा खात होती...”

बुवा भिंतीकडे बघत राहिले. तिथं गवसणीत घातलेला माईंचा तंबोरा उभा होता. त्यावर कुणाचा हात पडून वर्षं लोटली होती.

कौस्तुभला रडू फुटलं. आपण काय घालवलं ते त्याला आता कळत होतं, आणि ते कशानंही भरून येणार नव्हतं. तरी तो बोलत सुटला.

“मी दुसरा तंबोरा मागं भरतो, बुवा. तसाच सुरात लावतो. कुणाला कळणारसुद्धा नाही...”

बुवांनी हेडफोन उतरवला आणि त्याच्या कानांवर चढवला.

बुवांचा जुना आलाप संपला. पुढची तान यायची होती. मधल्या जागेत काहीच नव्हतं.

कौस्तुभनं हेडफोन काढला. वर बघायचा त्याला धीर होईना.

“ऐकलंस?” बुवा म्हणाले. “एवढी गप्प ती कधीच नव्हती रे...”