गोष्टीचा हुंकार

“मग चूक गोष्टींची, की माझी?” केतकीने विचारले.

गावाला गोष्टी सांगणारे बाळनाथबाबा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. समोर केतकीने सोबत आणलेली कौसाबाई बसली होती. लेक विहिरीत बुडाली त्या दिवसापासून, सात महिने, ती एक शब्दही बोलली नव्हती. उद्या घरचे तिला केतकीच्या दवाखान्यातून परत नेणार होते.

“हिला किती गोष्टी वाचून दाखवल्या?”

“तेवीस. निवडून निवडून. तिकडे परदेशात हेच शिकून आले मी, बाबा. गोष्टीनं माणूस बरा होतो. माझा विश्वास आहे!”

“तेवीस!” बाबा हसले. “आम्हाला उभ्या जन्मात सतरा आल्या. आणि हुंकार कोण देत होतं?”

“हुंकार?”

“ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. त्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही. तुमच्या तिकडं जाते?”

केतकी पानामागून पान वाचतच गेली होती.

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या. कौसाबाईकडे तोंड केले.

“एक होती बाई. ती रोज पहाटे विहिरीवर जायची...”

आणि थांबले.

“हं,” केतकी घाईने म्हणाली.

“तुमचा नको, डॉक्टरबाई.”

वारा पडला. झाडाची सावली ओट्याची एक फरशी ओलांडून गेली. बाबा तसेच बसून होते, पुढची गोष्ट त्यांनाही ठाऊक नसावी तसे...

“हं.”

आवाज इतका बारीक, की तो कुठून आला हे केतकीला आधी कळलेच नाही. आपण श्वास घेतला तरी तो मोडेल, असे तिला वाटले.

“तर एक दिवस,” बाबा म्हणाले, “ती बाई विहिरीवर गेली...”

“नाही गेली.”

बाबा थांबले.

“ताप होता तिला,” कौसाबाई म्हणाली. “उठवत नव्हतं. तिनं लेकीला धाडलं पाण्याला...”

तिने बाबांकडे पाहिले.

“मी धाडलं.”

केतकीचे डोळे भरून आले. ती पुढे सरकली. ‘यात तुमचा काही दोष नाही,’ हे शब्द अगदी तिच्या ओठांवर होते.

बाबांनी तळहात वर केला.

“पोरी,” ते केतकीला हळूच म्हणाले, “हुंकार दे.”